पलंगापासून सॉकेटपर्यंत: समुद्रावरच्या सात रात्री आणि एक सीपॅप मशीन

काकांनी मेमरी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. "ताई, मशीन बिघडलंय बहुतेक. क्रूझवर धड चाललंच नाही. तपासून द्या, नाहीतर नवीन घेतो."

कार्ड लावलं. सात रात्रींच्या सात पट्ट्या उघडल्या. पहिल्या रात्री दोन तास दहा मिनिटं, दुसऱ्या रात्री तीन तासांच्या आत, तिसरी चांगली साडेसहा तासांची, चौथी जवळजवळ कोरी, पाचवी चार तास, शेवटच्या दोन पुन्हा बऱ्या. जेवढा वेळ मास्क चेहऱ्यावर होता, तेवढा वेळ मशीननं काम चोख केलं होतं. बिघाड मशीनमध्ये नव्हताच. मग काका-काकूंना बसवून घेतलं आणि एकेका रात्रीचं विचारत गेले. स्लीप लॅबमध्ये मास्क बसवून देणं, मशीनचं सेटिंग लावणं, कार्ड वाचणं हे माझं रोजचं काम. तरी त्या तासाभरात मला जे कळलं, ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असं काही न ठेवता, ते इथे सविस्तर मांडते आहे.

रुग्ण आणि त्याची घडी

वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू. तीन वर्षांपूर्वीच्या स्लीप स्टडीत तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया आणि या आकड्याला एएचआय म्हणतात. पाचच्या आत असेल तर ठीक, ३० किंवा त्याच्या वर गेला की आजार तीव्र समजतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा करतो आणि पुन्हा तेच. सीपॅप मशीन हवेच्या दाबानं ती वाट रात्रभर उघडी धरतं. काकांचं मशीन ऑटो प्रकारचं, म्हणजे गरजेप्रमाणे दाब स्वतःच कमी-जास्त करणारं, ८ ते १४ या मर्यादेत. नाक वारंवार चोंदतं म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क. घरी रोज सात तास वापर, आणि मशीन लावल्यावर एएचआय दोन-तीनच्या आसपास. इतका शिस्तीचा रुग्ण विरळाच. म्हणूनच ते सहलीची परवानगी मागायला आले तेव्हा मी "मशीन बरोबर न्या" एवढंच म्हणाले. त्यांचा पलंग कुठे, सॉकेट कुठे, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मशीन विमानात हातातल्या बॅगेत नेलं, ते बरोबरच केलं. सामानाच्या पोटात टाकलेलं मशीन आपटतं, हरवतं. निघण्याआधी ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाची, पाण्याची टाकी कोरडी केली होती. डॉक्टरांची चिठ्ठी आणि सेटिंगचा कागद जवळ होता. मशीनच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं त्यांनी वाचलं होतं, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचं ओझं नेलं नाही. असं छापलेलं असेल तर फक्त पिनेचा आकार जुळवणारा अडॅप्टर पुरतो. बहुतेक क्रूझच्या केबिनमध्ये ११० आणि २२० अशा दोन्ही व्होल्टचे सॉकेट असतात. इथवर सगळं सुरळीत होतं.

बोर्ड जप्त झाला तेव्हा

पहिली गडबड जहाजावर पाय ठेवण्याआधीच झाली. सामान एक्स-रेमधून गेलं आणि काकांचा एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढला गेला. मशीन वीजेच्या झटक्यापासून सुरक्षित राहावं म्हणून त्यांनी मुद्दाम सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड घेतला होता. पावती हातात देऊन सांगण्यात आलं, उतरताना परत घ्या. "चांगला, महागातला बोर्ड होता हो," काका अजून हळहळत होते. "साधा नेला असता तर म्हटलं असतं की ठीक आहे."

गंमत नाही, पण खरं कारण त्या 'चांगल्या'तच आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. घरात दोन तारांपैकी एक फेज आणि एक न्यूट्रल असते, आणि न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते. जहाजावर पुष्कळदा दोन्हींपैकी कुठलीच तार जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेली नसते. एका ठिकाणी दोष आला तरी वीज एकदम जाऊ नये, यासाठी ती सोय आहे. म्हणजे सांगाड्याच्या हिशोबानं दोन्ही तारा जिवंत. सर्ज प्रोटेक्टरच्या आतले भाग मात्र तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये बसवलेले असतात, आणि त्याचं बटण किंवा फ्यूज एकाच तारेला तोडतं. जहाजात दुसरीकडे कुठे दोष आला की हे भाग तापत राहतात आणि बटण बंद करूनही पूर्ण सुटका होत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं २०१३ मध्ये याच कारणानं सावधगिरीची सूचना काढली होती. तेव्हा बोर्ड काढून घेणारा माणूस आडमुठा नसतो, तो केबिनला आग लागू नये म्हणून उभा असतो. जहाजावर चालेल असा साधा एक्स्टेन्शन तिथलेच लोक बहुधा मागितल्यावर देतात. काकांनी तो पहिल्या दिवशी मागितलाच नाही. "एक काढून घेतलाय, आता दुसरा कोणत्या तोंडानं मागू?" हे त्यांचं म्हणणं.

पहिली रात्र

केबिनमधलं सॉकेट आरशाच्या टेबलाजवळ, पलंग समोरच्या भिंतीला. मध्ये चालायची वाट. मशीनची वायर टेबलावरून कशीबशी एका स्टुलापर्यंत पोचली. स्टूल वाटेत, पलंगापासून हातभर दूर. मशीनपासून मास्कपर्यंतची नळी साधारण सहा फुटांची असते. घरी मशीन उशीजवळ असतं, म्हणून ती नळी भरपूर वाटते. इथे ती ताणून बसली. काका उजव्या कुशीवर वळले की मास्क डावीकडे ओढला जाई, कडेनं हवा सुटे, आणि ती थेट डोळ्यात. कार्डावर लीकची रेषा डोंगरासारखी वर गेलेली दिसत होती. बारा वाजून गेल्यावर काकू बाथरूमला उठल्या, अंधारात वायरीत पाय अडकला, मशीन बंद पडलं. काकांनी मास्क काढून उशाशी ठेवला आणि तसेच झोपले.

काकूंनी मला एक गोष्ट दाखवली. त्यांनी मोबाईलवर केबिनचा फोटो काढला होता, समुद्र दिसावा म्हणून. फोटोत खिडकी आहे, निळं पाणी आहे, आणि खाली कोपऱ्यात ते स्टूल, त्यावर मशीन, आणि पलंगाच्या काठावरून ताणलेली करडी नळी. मी तो फोटो मोठा करून बघत राहिले. अडचण काय आहे ते त्या एका फोटोत पूर्ण कळत होतं. ही केबिन बुक करताना आम्हा तिघांपैकी कुणीही तिचा नकाशा पाहिला नव्हता.

दुसरी रात्र, आणि नळीतलं पाणी

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः रिसेप्शनवर गेल्या आणि पाच मिनिटांत एक्स्टेन्शन घेऊन आल्या. मशीन पलंगाशेजारच्या उंच फळीवर चढलं. आता सगळं ठीक होईल असं वाटलं. पण दीड-दोनच्या सुमारास मास्कमध्ये गुळगुळ आवाज येऊ लागला आणि थंड पाण्याचा थेंब काकांच्या वरच्या ओठावर पडला. ते दचकून उठले. पाणी कुठून आलं ते कळेना, म्हणून भीतीनं मशीनच बंद केलं.

इथे दोन चुका एकत्र आल्या होत्या. फळीच्या अगदी वर एसीचा झोत होता. ह्युमिडिफायरमधून निघालेली उबदार, ओली हवा थंड नळीतून जाताना तिचं पाणी होतं, जसं थंड पेल्याच्या बाहेर दव जमतं. दुसरं, मशीन उशीपेक्षा उंचावर होतं, त्यामुळे साचलेलं पाणी परत टाकीत न जाता उतारानं मास्ककडे आलं. उपाय साधे होते: मशीन डोक्याच्या पातळीखाली, एसीचा झोत दुसरीकडे, नळी पांघरुणाखालून, आणि आर्द्रतेचा आकडा एक-दोन घरं खाली. तिसऱ्या रात्री काकूंनी नळीला स्वतःची शाल गुंडाळली, मशीन खालच्या कप्प्यात ठेवलं आणि आकडा पाचावरून तीनवर आणला. कुणी शिकवलं नव्हतं. साडेसहा तासांची ती सलग पट्टी काकूंची आहे.

पाण्याचं थोडं सांगायला हवं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं, कारण साध्या पाण्यातले क्षार टाकीच्या तळाला पांढरे चिकटतात. काकांना जहाजावर ते मिळेल असं वाटलं होतं. मिळतं, पण पुष्कळ कंपन्यांना ते प्रवासाच्या कितीतरी आधी कळवावं लागतं. ऐनवेळी मागितल्यावर हाती बाटलीबंद पिण्याचं पाणी आलं. आठवडाभर त्यानं काही बिघडत नाही. रोज टाकी रिकामी करून धुवायची आणि परतल्यावर क्षार काढून टाकायचे. जहाजावरचं बरंचसं पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच तयार करतात, वाफ करून किंवा पडद्यातून गाळून. वाफेचं पाणी जवळजवळ डिस्टिल्डच असतं, पण पिण्यासाठी त्यात पुन्हा क्षार आणि क्लोरीन घालतात. त्यामुळे नळाचं पाणी टाकीसाठी तसं आदर्श नाही.

चौथी रात्र

या रात्रीसाठीच मी हे लिहायला बसले.

संध्याकाळपासून वारा वाढला. जेवणानंतर काकांना बोट लागली. शेजारच्या प्रवाशानं एक गोळी दिली, ती त्यांनी घेतली. अर्ध्या तासात डोळे मिटायला लागले. मास्क लावला आणि पंधरा मिनिटांत उमासा आला. हात मास्कच्या पट्ट्यांत अडकला, काकूंनी तो ओढून काढला आणि काका जेमतेम बादलीपर्यंत पोचले. त्यानंतर मास्क पुन्हा लावायची हिंमत दोघांनाही झाली नाही. मशीन चालू असतानाच जहाज कलंडलं, टाकीतलं पाणी हिंदकळून बाहेर सांडलं. ते मशीनच्या आत शिरलं नाही, हे नशीब. अंगातली गोळी आणि थकवा यांनी काका पाठीवर गाढ झोपले, मशीनशिवाय.

सुरुवातीची ती पंधरा मिनिटं सोडली तर कार्डावर ती रात्र कोरी आहे. मशीनला मास्कविना श्वास कळत नाही, म्हणून त्या रात्रीची नोंद फक्त काकूंकडे आहे. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांत मी हे घोरणं विसरले होते. एकदम मोठ्यानं घोरायचे आणि मग आवाज बंद. मी बोटांवर मोजायला लागले. एकदा अठ्ठावीस मोजले. मग धक्का दिला, तेव्हा घशातून घर्र आवाज करून श्वास घेतला. पहाटेपर्यंत मी अशीच बसले होते."

मी शांतपणे ऐकलं खरं, पण आतून हादरले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अंधारात बोटांवर श्वास मोजणारी बाई.

त्या रात्री एकावर एक काय चढत गेलं ते पाहा. बोट लागू नये म्हणून घेतात त्या मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट यांसारख्या जुन्या अँटिहिस्टामाइन गोळ्या गुंगी आणतात. गुंगीत माणूस सहज जागा होत नाही, आणि अ‍ॅप्नियात तर जागं होणं हीच शरीराची शेवटची सुटका असते. त्यात पाठीवर झोपणं, ज्यानं जीभ मागे पडते. त्यात मशीन नाही. सीपॅप बंद केलं की आजार पहिल्या काही रात्रींतच पूर्वपदावर येतो, तीन वर्षांची शिदोरी साठून राहत नाही. मद्य घेतलं असतं तर आणखी भर पडली असती. काकांनी ते घेतलं नव्हतं, एवढं एक बरं.

आणि तरीही त्या क्षणी मास्क काढणं योग्यच होतं. फुल फेस मास्कमध्ये उलटी झाली तर ती बाहेर पडायला वाट नसते आणि वरून हवेचा दाब असतो. उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका खरा आहे. मळमळ असताना नाक-तोंड झाकणारा मास्क लावून झोपू नये, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. आमच्या लॅबच्या सूचनापत्रातही ते नव्हतं. आता आहे.

मग करायचं काय? मळमळ थांबेपर्यंत झोपायचंच नाही, उशांना टेकून बसायचं. डोळा लागणारच असेल तर कुशीवर, डोकं-छाती उंच करून. गोळी कुठली आणि कधी, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं, शेजाऱ्याला विचारून नाही. पोट शांत झालं की उरलेल्या रात्रीसाठी मास्क लावायचा. तीन तास मिळाले तरी ते तीन तास कामाचे असतात. वादळी रात्री ह्युमिडिफायरची टाकी रिकामी ठेवायची. हे ऐकून काका चमकले. "पाण्याशिवाय चालतं?" चालतं. घसा कोरडा पडेल, नाक चुरचुरेल, पण उपचार म्हणजे दाब. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा नाकातून दिलेली दाबाची हवा एवढीच युक्ती होती. पाणी ही नंतरची सोय.

पाचव्या दिवशी काका दुपारभर डेकवरच्या खुर्चीत झोपले, रात्रीही मधूनमधून मास्क काढत राहिले. दुपारची डुलकी आहे म्हणून श्वासाची वाट उघडी राहत नाही, झोप ती झोप. सहावी-सातवी रात्र सुधारली, कारण समुद्र शांत झाला आणि केबिनमधली मांडणी एव्हाना जमली होती.

'मशीन बंद होतं' हा समज कुठून आला

मोबाईलमधल्या अ‍ॅपवर आठवडाभर काहीच दिसत नव्हतं. मशीन रोजची माहिती मोबाईल नेटवर्कवरून पाठवतं, आणि भर समुद्रात ते नेटवर्क मिळालं नाही. अ‍ॅप रिकामं म्हणजे मशीन बंद, असा काकांनी अर्थ लावला, आणि पाचव्या रात्री तर "नाहीतरी हे चालत नाहीये" म्हणून मास्क लवकर काढला. माहिती सगळी कार्डावर होती. जमिनीवर आल्यावर ती अ‍ॅपमध्येही आली असती. एका रिकाम्या पडद्यानं माणसाचा उपचारावरचा विश्वास कसा उडतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरी सफर

दहा महिन्यांनी ते पुन्हा निघाले. या वेळी काकू आधी आल्या, वहीत प्रश्न लिहून. आम्ही कंपनीला तीन गोष्टी लेखी कळवायच्या ठरवल्या: पलंगाच्या कुठल्या बाजूला सॉकेट आहे, जहाजावर चालणारा एक्स्टेन्शन केबिनमध्ये आधीच ठेवाल का, आणि सात रात्रींचं डिस्टिल्ड वॉटर. तिन्हींचं उत्तर ईमेलनं आलं, ते छापून कागद बरोबर दिला. केबिन खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध घेतली. हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. मशीनखाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जाऊन काकांच्या चोंदलेल्या नाकावर दोन महिने उपचार झाले, आणि मग फक्त नाकावरचा मास्क बसवला. तोंड मोकळं राहिल्यानं उलटीच्या वेळी तो लगेच निघतो, भीतीही कमी. पहिले काही दिवस तोंडानं हवा सुटत होती, म्हणून घरी महिनाभर सराव केला. प्रवासात पहिल्यांदा नवा मास्क लावू नये, यावर मी ठाम आहे.

बॅटरीचा प्रश्न काकांनी काढला. जहाजावर तिची गरज क्वचितच पडते, विमानाच्या लांब प्रवासात पडू शकते. घ्यायचीच तर १०० वॉट-तासांच्या आतली घ्यावी. ती विमानात हातातल्या बॅगेतच न्यायची. १०० ते १६० मधलीला विमान कंपनीची परवानगी लागते. त्यांनी घेतली नाही.

परत आल्यावर कार्ड लावलं. सात पट्ट्या, सातही भरलेल्या. फक्त चौथी तुटक होती: पावणेबारा ते सव्वातीन मास्क, मग चाळीस मिनिटांची मोकळी जागा, मग सकाळी साडेसहापर्यंत पुन्हा मास्क. मी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"त्या रात्री पुन्हा बोट हलली," काकू म्हणाल्या. "यांना मळमळलं. मास्क काढून दिला, टाकी ओतून टाकली आणि मागे उश्या लावून बसवलं. झोपू दिलं नाही. पोट शांत झालं तसा मीच परत लावला, आणि मग मीही झोपले."